उसनी औषधं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

विल्सनच्या आजारावर आजवर जी औषधं दिली गेली, त्यांतलं एकही मुळात त्या आजारासाठी शोधलेलं नव्हतं. एकाचा जन्म युद्धातल्या विषारी वायूवरचा उतारा म्हणून झाला. दुसरं म्हणजे पेनिसिलिन मोडून पडल्यावर उरलेला तुकडा. तिसरं कारखान्यात राळ घट्ट करायला वापरतात ते रसायन. आणि चौथं तर साधं जस्त. मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवलं. तिथं या चौघांना मिळून पाठ्यपुस्तकात जेमतेम अर्धं पान असतं आणि परीक्षेत फार तर एक टीप. पण औषधांचा इतिहास कुणाला समजून घ्यायचा असेल, तर या अर्ध्या पानाइतकं शिकवणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

आधी आजाराविषयी थोडं सांगतो. आपल्या खाण्यातून रोज एखाद-दोन मिलिग्रॅम तांबं पोटात जातं. डाळींत, शेंगदाण्यांत, तिळांत ते असतंच. शरीराला त्याची गरज असते, पण अगदी थोडी. जास्तीचं तांबं यकृत पित्तात सोडून देतं आणि ते शौचावाटे निघून जातं. काही माणसांच्या यकृतात तांबं बाहेर ढकलणारं प्रथिनच बिघडलेलं असतं. मग जन्मापासून ते साठत राहतं. आधी यकृतात साठतं, तिथं मावेनासं झालं की रक्तावाटे मेंदूत आणि डोळ्यांत जातं. आई आणि वडील, दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच हा आजार होतो. ते दोघे स्वतः धडधाकट असतात, त्यामुळे घराण्यात असं काही आहे याची कुणाला कल्पना नसते. साधारण तीस हजारांत एकाला होणारा हा आजार. म्हणजे दुर्मीळ खराच, पण आपल्या देशाची लोकसंख्या पाहता असे रुग्ण हजारोंनी असणार.

मेंदूची लक्षणं सुरू होतात ती बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात. अक्षर बिघडतं. हात थरथरतो. बोलणं जड होतं, तोंडातून लाळ गळते, स्वभाव चिडका होतो. माझ्या पाहण्यातल्या एका मुलानं घाणेरड्या अक्षरासाठी वर्षभर शाळेत मार खाल्ला होता. घरच्यांनी दृष्ट काढली, अंगारे लावले, मग मानसोपचार झाले. शेवटी एका नेत्रतज्ज्ञाला त्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं आणि उलगडा झाला. ते कडं म्हणजे डोळ्यात साठलेलं तांबं.

शरीरातून जे निघून जायला हवं ते निघत नाही आणि साठत जातं, अशा आजारांचा वैद्यकात एक मोठा गट आहे. कुठे तांबं साठतं, कुठे चरबी, कुठे साखरेची गुंतागुंतीची संयुगं. त्यांतले बरेचसे मेंदूवर घाला घालतात आणि मुलांना गाठतात. बहुतेकांवर आजही काही उपाय नाही. विल्सनचा आजार हा या सगळ्यांत भाग्यवान म्हणायचा, कारण त्यावर औषधं मिळाली. ती कशी मिळाली तेच आज सांगायचं आहे.

सॅम्युअल अलेक्झांडर किनियर विल्सन हे लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मज्जाविकारांच्या रुग्णालयातले डॉक्टर. १९१२ साली त्यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. मेंदूच्या खोल भागातली एक विशिष्ट जागा झिजते आणि त्याच रुग्णाचं यकृतही निबर झालेलं असतं, हे त्यांनी शवविच्छेदनांवरून दाखवलं. यकृतातून काहीतरी विष निघून मेंदूला बाधत असावं, असा त्यांचा कयास होता. कयास दिशेनं बरोबर होता, पण विष कोणतं ते कळायला आणखी ३६ वर्षं लागली. गंमत अशी, की डोळ्यातल्या त्या कड्याची नोंद कायझर आणि फ्लायशर या दोन जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १९०२ आणि १९०३ सालीच करून ठेवली होती. पण मेंदूवाल्यांनी डोळेवाल्यांचं वाचायचं नाही, ही रीत तेव्हाही होतीच. १९४८ साली त्याच क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयातले जॉन कमिंग्ज यांनी मृत रुग्णांच्या मेंदूतलं आणि यकृतातलं तांबं मोजून दाखवलं. ते भलतंच वाढलेलं होतं. मोजून झाल्यावर कमिंग्ज यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. हे तांबं काढून टाकायला ‘बॅल’ वापरून पाहावं.

हे ‘बॅल’ काय होतं? पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत लेविसाइट नावाचा विषारी वायू तयार झाला होता. त्यात आर्सेनिक म्हणजे सोमल असतो. तो अंगावर पडला की फोड येतात, फुप्फुसात गेला की माणूस मरतो. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनी हा वायू वापरील या भीतीनं ऑक्सफर्डमध्ये रूडॉल्फ पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर उतारा शोधला. शरीरातल्या प्रथिनांमधल्या गंधकाला सोमल चिकटतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी गंधकाचे दोन हात असलेला एक लहानसा रेणू बनवला. दोन्ही हातांनी सोमलाला मिठी मारायची आणि त्याला घेऊन लघवीवाटे बाहेर पडायचं, एवढंच त्याचं काम. ब्रिटिश अँटि-लेविसाइट, म्हणून ‘बॅल’. युद्धात लेविसाइटचा तसा वापर झालाच नाही. उतारा तयार, पण विषच आलं नाही. मग सोमलाशिवाय दुसरे धातूही हा रेणू पकडतो का, याचा तपास सुरू झाला. तो पारा पकडतो, तांबंही पकडतो.

१९५१ साली बॉस्टनमध्ये डेनी-ब्राउन आणि पोर्टर यांनी विल्सनच्या रुग्णांना ‘बॅल’ देऊन काय झालं ते प्रसिद्ध केलं. ज्यांना घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता, त्यांच्या हातांची थरथर कमी झाली. चाळीस वर्षं ज्या आजारापुढे डॉक्टर नुसते हात बांधून उभे होते, त्यात पहिल्यांदा काहीतरी हललं. पण ‘बॅल’ शेंगदाण्याच्या तेलात मिसळून स्नायूत टोचावं लागे. ती सुई अतिशय दुखे, कुल्ल्यांवर गाठी येत, आणि हळूहळू तिचा गुणही उतरत जाई. आयुष्यभर टोचून घेण्यासारखं ते औषध नव्हतं.

इथं या गोष्टीचा नायक येतो. जॉन वॉल्श हे इंग्लंडमधले तरुण डॉक्टर. त्यांचे वडील फ्रान्सिस वॉल्श हे नामांकित मज्जाविकारतज्ज्ञ. मुलानं मात्र यकृताचे आजार हा विषय घेतला. लंडनमध्ये ते यकृताच्या रुग्णांच्या लघवीतली अमायनो आम्लं कागदावर वेगळी करून पाहत होते. एका रुग्णाच्या कागदावर एक अनोळखी ठिपका उमटला. तपास केल्यावर तो निघाला पेनिसिलामिनचा. रुग्णाला पेनिसिलिन दिलं जात होतं आणि ते शरीरात मोडून हा तुकडा लघवीत उतरत होता. हा पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना नवा नव्हता. ऑक्सफर्डमध्ये अब्राहम, चेन आदी मंडळींनी १९४३ सालीच पेनिसिलिनची रचना उलगडताना तो वेगळा केला होता. त्याचा औषध म्हणून उपयोग व्हावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वॉल्श यांनीही नोंद केली आणि ते पुढे गेले.

१९५५ साली वॉल्श बॉस्टनला होते. त्याच शहरात, जिथं डेनी-ब्राउन ‘बॅल’ टोचत होते. विल्सनचा एक रुग्ण पाहायला म्हणून वॉल्श यांना बोलावलं गेलं. रुग्ण पाहून परतताना त्यांना तो जुना ठिपका आठवला. पेनिसिलामिनच्या रेणूत गंधकाचा एक हात आहे आणि जवळच नायट्रोजनचा दुसरा. असा रेणू तांब्याला पकडायलाच हवा. शिवाय तो लघवीत जसाच्या तसा उतरतो, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. तेव्हा पोटातून दिलेलं पेनिसिलामिन तांबं घेऊन बाहेर पडेल, सुई टोचायची गरज नाही, हा तर्क त्यांनी केला. कुठूनतरी थोडं पेनिसिलामिन मिळवलं. आधी ते स्वतः घेतलं. आपण मेलो नाही हे पाहून मग रुग्णाला दिलं. रुग्णाच्या लघवीतून तांबं बाहेर पडू लागलं. १९५६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला.

आजच्या नियमांत असं कुणाला करता येणार नाही, आणि येऊ नये हेही खरं. पण मला या घटनेत स्वतः गोळी गिळण्यापेक्षा त्या ठिपक्याचं महत्त्व जास्त वाटतं. एका विभागात पाहिलेली क्षुल्लक गोष्ट दुसऱ्या विभागातल्या रुग्णाजवळ आठवायला डोक्यात दोन्ही विषय एकत्र नांदावे लागतात. मेंदूच्या डॉक्टरांना पेनिसिलामिन माहीत नव्हतं आणि रसायनशास्त्रज्ञांना विल्सनचा आजार माहीत नव्हता.

धातूला असं पकडणाऱ्या औषधांना इंग्रजीत जो शब्द आहे, तो ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आलेला आहे. नांगी उपयोगी पडते, तशी ती चावतेही. पेनिसिलामिननं अनेकांना पुरळ येतं, ताप येतो, रक्तपेशी घटतात, मूत्रपिंडं बिघडतात. शिवाय त्याची दोन रूपं असतात, आरशातल्या उजव्या-डाव्या हातांसारखी. सुरुवातीला दोन्हींचं मिश्रण वापरात होतं, आणि त्यातलं एक रूप शरीरातल्या ‘ब-६’ जीवनसत्त्वाच्या आड येतं असं ध्यानात आलं. तेव्हापासून एकच रूप देतात. सगळ्यांत काळजीची गोष्ट म्हणजे, मेंदूची लक्षणं असलेल्या काही रुग्णांची प्रकृती औषध सुरू केल्यावर आधी आणखी ढासळते. साठलेलं तांबं एकदम हलतं आणि त्याचाच तडाखा बसत असावा. हे किती जणांच्या बाबतीत होतं यावर अमेरिकेतले जॉर्ज ब्रूअर आणि इंग्लंडमधले वॉल्श यांच्यात अनेक वर्षं वाद चालला. ब्रूअर म्हणत, निम्म्या रुग्णांपर्यंत हे होतं, तेव्हा मेंदूच्या रुग्णाला पेनिसिलामिन देऊच नये. वॉल्श यांना ते मान्य नव्हतं. मला वाटतं, दोघंही आपापल्या दवाखान्यात जे दिसत होतं तेच सांगत होते.

ब्रूअर यांचं औषध होतं जस्त. तेही उसनंच. सत्तरच्या दशकात ते आणि आनंद प्रसाद हे भारतीय वंशाचे संशोधक सिकलसेलच्या रुग्णांना जस्त देत होते. जस्ताचं प्रमाण जास्त झालं तेव्हा त्या रुग्णांच्या शरीरातलं तांबं कमी पडू लागलं. सिकलसेलवाल्यांच्या दृष्टीनं हा दुष्परिणाम. विल्सनच्या रुग्णाला हवं होतं ते नेमकं हेच. जस्तामुळे आतड्याच्या अस्तरात एक प्रथिन वाढतं, ते अन्नातलं तांबं तिथंच धरून ठेवतं आणि अस्तराच्या पेशी झडून गेल्या की त्यांच्याबरोबर तांबंही जातं. हॉलंडमध्ये तर १९६० च्या सुमारासच जस्ताचा हा उपयोग करून पाहिलेला होता. अमेरिकेत मात्र अधिकृत मंजुरी मिळायला १९९७ साल उजाडावं लागलं. स्वस्त क्षाराच्या चाचण्यांवर पैसे घालायला कोण पुढे येणार?

आता जरा आपल्याकडे येऊ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर वाडिया आणि दराब दस्तूर यांनी विल्सनच्या आजाराचा पाठपुरावा केला, आणि १९६८ साली भारतातल्या १६ कुटुंबांवरचा त्यांचा अभ्यास ‘न्यूरॉलॉजी’ या अमेरिकन नियतकालिकात आला. हा आजार पाश्चात्त्यांचा, आपल्याकडे नसतोच, असं मानणाऱ्यांना त्यानं उत्तर मिळालं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या स्टर्नलीब आणि शाइनबर्ग यांनी दाखवून दिलं, की रुग्णाच्या भावंडांना तपासून, लक्षणं दिसायच्या आधीच औषध सुरू केलं तर आजार टाळता येतो. हे फार मोठं काम आहे असं मी मानतो. घरातल्या एका मुलाला विल्सनचा आजार निघाला, की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक असते. रक्ताची आणि लघवीची तपासणी आणि डोळ्यांची पाहणी एवढ्यानं सुरुवात होते. ती करायला सांगायचं कुणाच्या लक्षात राहत नाही आणि मग तीनेक वर्षांनी धाकटीचं अक्षर बिघडायला लागतं.

पेनिसिलामिनचा एक धागा पुण्यातही येतो, आणि तो पाठ्यपुस्तकात फारसा कुणी सांगत नाही. एके काळी आपल्याकडे दोन-तीन वर्षांच्या आतली मुलं यकृताच्या एका आजारानं दगावत. पोट फुगे, कावीळ होई, आणि वर्षभरात सगळं संपे. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन मुलं जात. त्यामुळे हा आनुवंशिक आजार असावा असंच बहुतेकांना वाटे. वैद्यकात त्याचं नावच ‘भारतीय बालकांचा सिरॉसिस’. या मुलांच्या यकृतात विल्सनच्या रुग्णासारखं, किंबहुना त्याहून जास्त तांबं साठलेलं असतं, हे सत्तरच्या दशकाअखेर स्पष्ट झालं. मग पुण्याच्या केईएम रुग्णालयात शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटनचे स्टुअर्ट टॅनर यांनी एक साधा प्रश्न विचारला. मुलाला दूध कशात तापवून देता?

उत्तर होतं, पितळेच्या भांड्यात. पितळेत तांबं असतं. भांड्याला कल्हई असली तर दूध पितळेला लागत नाही. कल्हईवाला दारावर यायचा, भाता फुंकून, नवसागर टाकून भांडी चकचकीत करून द्यायचा, ते अनेकांना आठवत असेल. कल्हई उडाली की दुधातलं प्रथिन तांबं शोषून घेतं. मोठ्या माणसाला त्यानं काही होत नाही. पण आईचं दूध लवकर सोडवून गायी-म्हशीच्या वरच्या दुधावर ठेवलेल्या तान्ह्या मुलाचं यकृत ते बाहेर टाकू शकत नाही. १९८३ साली हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आला. आणि १९८७ साली याच मंडळींनी असंही दाखवलं, की आजार फार पुढे गेलेला नसेल तेव्हा पेनिसिलामिन दिलं तर यातली काही मुलं वाचतात, त्यांच्या यकृतातलं तांबं उतरतं. लंडनमधल्या लघवीतला ठिपका, बॉस्टनमधला मेंदूचा रुग्ण आणि पुण्यातलं पितळेचं पातेलं, एवढा हा प्रवास. पुढे स्टीलची भांडी घरोघर आली, डॉक्टरांनी आयांना सांगणं सुरू केलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. अर्थात तिथं मूळ कारण बाहेरचं होतं, ते बंद करता आलं. विल्सनच्या रुग्णाच्या बाबतीत कारण त्याच्या पेशीपेशीत आहे, म्हणून गोळी जन्मभर. बरं वाटतंय म्हणून ती सोडून दिलेले रुग्ण यकृत निकामी होऊन गेल्याचं मी पाहिलं आहे.

ज्यांना पेनिसिलामिन सोसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न वॉल्श यांच्यापुढे साठच्या दशकात उभा राहिला. तोवर ते केंब्रिजला आले होते. एका रुग्णाची मूत्रपिंडं या औषधानं बिघडली. औषध बंद केलं तर आजार मारणार, चालू ठेवलं तर औषध. तेव्हा त्यांनी ट्रायएंटिन नावाचं रसायन हाती घेतलं. ते रसायनवाल्यांच्या परिचयाचं होतं, दोन भाग मिसळून लावायच्या चिकटद्रव्यात घट्ट करण्यासाठी वापरलं जाई आणि त्याला तांब्याची भारी ओढ. प्रयोगशाळेत ते शुद्ध करून वॉल्श यांनी रुग्णाला दिलं आणि १९६९ साली त्याविषयी लिहिलं. काम झालं. पण औषधकंपन्यांना त्यात रस नव्हता. जगभरात घेणारे मूठभर, आणि रेणूवर पेटंट नाही. वर्षानुवर्षं हे औषध दुकानात मिळत नव्हतं, प्रयोगशाळेतून येत होतं.

अशा औषधांना इंग्रजीत ‘अनाथ’ म्हणू लागले. अमेरिकेत दुर्मीळ आजारांच्या रुग्णांच्या कुटुंबांनी यासाठी चळवळ केली, दूरदर्शन मालिकेतल्या एका लोकप्रिय नटानं संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि जानेवारी १९८३ मध्ये ‘अनाथ औषधां’चा कायदा झाला. जी कंपनी असं औषध बाजारात आणील, तिला सात वर्षं एकाधिकार आणि करात सवलत. १९८५ साली ट्रायएंटिनला तिथं मंजुरी मिळाली. कायद्यानं काम केलं यात शंका नाही. पण अनाथाला दत्तक घेणाऱ्यानं पुढे काय करावं, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. एकाधिकाराची मुदत कधीच संपली होती, तरी दुसरा कुणी ते बनवत नव्हता. २०१० ते २०१५ या काळात अमेरिकेत ट्रायएंटिनच्या १०० कॅप्सूलची किंमत सुमारे ६५० डॉलरवरून २१ हजार डॉलरच्या वर गेली. औषध तेच, कॅप्सूल तीच. ज्या रसायनासाठी वॉल्श यांनी कधी पेटंट घेतलं नाही, त्याचा भाव असा.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं, की दुर्मीळ आजारांवरची चार औषधं भारतीय कंपन्या बनवू लागल्या आहेत. त्यांत ट्रायएंटिन होतं. आयात केलं तर वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख रुपये, देशात बनलेलं सुमारे २ लाख २० हजार रुपये, असे आकडे तेव्हा दिले गेले. शंभरावा भाग! तरीही महिन्याला १८ हजारांवर जातो, हे सामान्य घराला परवडणारं नाही. म्हणून पेनिसिलामिन आणि जस्त यांचं महत्त्व इथं टिकून आहे.

विल्सनच्या आजाराला एवढा वेळ दिला, कारण तिथं गोष्ट पूर्ण झालेली दिसते. तांबं दिसतं, मोजता येतं, पकडता येतं. साठवणुकीच्या इतर आजारांत ते इतकं सोपं नाही. नीमन-पिक ‘सी’ नावाचा आजार घ्या. पेशीत आलेला चरबीचा माल फोडून पुढे पाठवणारी जी कोठारं असतात, तिथून कोलेस्टेरॉल आणि दुसऱ्या काही चरब्या बाहेरच पडत नाहीत. मूल चालताना अडखळू लागतं, डोळे खाली वळत नाहीत म्हणून जिना उतरायला घाबरतं, खदखदून हसलं की अंगातलं बळ जाऊन खाली कोसळतं. पुढे गिळता येत नाही. वाढलेलं मूल आईवडिलांच्या डोळ्यांदेखत एकेक गोष्ट विसरत जातं. लाखात एकाला होणारा हा आजार. त्यात तांब्यासारखं काही पकडून बाहेर काढता येत नाही.

इथंही जी दोन औषधं उपयोगी पडली, ती दुसऱ्यांच्या घरची. पहिलं मिग्लुस्टॅट. त्याचं मूळ तुतीच्या झाडात सापडणाऱ्या एका साखरेसारख्या रेणूत आहे. १९९० च्या सुमारास एड्सच्या विषाणूवर ते वापरून पाहिलं जात होतं. तिथं ते फसलं, पुरेसा डोस दिला की लोकांना जुलाब होत. पण ऑक्सफर्डमध्ये रेमंड ड्वेक यांच्या संस्थेतल्या फ्रान्सेस प्लॅट आणि टेरी बटर्स यांनी पाहिलं, की हे औषध पेशीतल्या काही चरब्यांचं उत्पादनच कमी करतं. मोरी तुंबली आहे, ती मोकळी करता येत नाही, तर निदान नळ तरी बारीक करू, हा विचार. १९९७ साली उंदरांत तो खरा ठरला. २००२ साली युरोपात गोशे या आजारासाठी मंजुरी मिळाली आणि २००९ साली नीमन-पिक ‘सी’साठी. आजार थांबत नाही, त्याचा वेग मंदावतो. जुलाबही होतातच.

दुसरं औषध अॅसिटिल-ल्युसिन. फ्रान्समध्ये ते १९५७ पासून चक्कर येण्यावर मिळत होतं. इतकं जुनं आणि साधं, की ते नेमकं कसं काम करतं याची कुणी फारशी चौकशी केलेली नव्हती. म्युनिकचे मायकेल स्ट्रुप हे चक्करेचे तज्ज्ञ. तोल सांभाळणारी मेंदूतली केंद्रं आणि छोटा मेंदू यांचा संबंध जवळचा, तेव्हा छोट्या मेंदूच्या आजारांतही हे द्यावं का, असा प्रश्न त्यांना पडला. २०१३ साली १३ रुग्णांत फरक दिसला. २०१५ साली नीमन-पिक ‘सी’च्या १२ रुग्णांत दिसला. मग ६० रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. प्रत्येकानं बारा आठवडे औषध घेतलं आणि बारा आठवडे दिसायला तशीच पण औषध नसलेली पुडी. कधी काय, ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. तोलाच्या ४० गुणांच्या मोजपट्टीवर औषधानं सरासरी १.९७ गुणांचा फरक पडला, नुसत्या पुडीनं ०.६० गुणांचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्याच आठवड्यात, मिग्लुस्टॅटच्या जोडीनं द्यायच्या आणखी एका औषधालाही मिळाली.

दोन-एक गुणांचा फरक. ऐकताना तो क्षुल्लक वाटेल. पण या मोजपट्टीवर एका गुणाचा अर्थ आधाराशिवाय उभं राहता येणं असाही असू शकतो. आणि इथं पुन्हा तीच उजव्या-डाव्या रूपांची गोष्ट आहे. फ्रान्समधली जुनी गोळी दोन्ही रूपांच्या मिश्रणाची होती, मंजुरी मिळाली ती एकाच रूपाला. पेनिसिलामिनच्या वेळी ती निवड रुग्णाला अपाय होऊ नये म्हणून झाली होती. या वेळी तिच्यामुळे जुनं औषध कायद्यानं नवंही ठरलं, म्हणजे त्याला नवा मालक आला, आणि मालक आला की भाव आला. तरी मी त्या कंपनीला सरसकट दोष देणार नाही. ६० रुग्ण अनेक देशांतून गोळा करून काटेकोर चाचणी करायला पैसा लागतो, आणि तो सरकारांनी घातला नव्हता.

वॉल्श यांनी हे सगळं दुरून पाहिलं असावं. केंब्रिजमधून निवृत्त झाल्यावरही ते लंडनला येऊन विल्सनचे रुग्ण तपासत राहिले. १०२ वर्षांचे होऊन ते २०२२ साली वारले. अॅसिटिल-ल्युसिनच्या चाचण्या आता टे-सॅक्स आणि सँडहॉफ या आजारांच्या रुग्णांवरही झाल्या आहेत. १८८१ साली लंडनमध्ये वॉरन टे यांनी एका तान्ह्या मुलाच्या डोळ्यात लाल ठिपका पाहिला, तेव्हापासून टे-सॅक्स वैद्यकाला ठाऊक आहे. त्यावर मंजूर झालेलं औषध अजून एकही नाही.